रात्रीच्या फोटोतला नॉईज कसा कमी करायचा, आणि कुठे थांबायचं

गणपती बसले की, आणि मग परत दिवाळीत, एक प्रश्न हमखास येतो. कॅमेरा नवा आहे, फोकस बरोबर आहे, तरी आरतीचे फोटो लॅपटॉपवर उघडले की सगळे रवाळ का दिसतात, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात हे लाल-हिरवे ठिपके कुठून आले? मग कोणीतरी सांगतं की नॉईज रिडक्शन लाव, स्लायडर ओढला जातो, ठिपके जातात, आणि त्यांच्याबरोबर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, नऊवारीचा पोत, ताम्हणावरची नक्षी हे पण सगळं जातं. उरतो तो मेणाचा पुतळा. मला विचाराल तर असल्या फोटोपेक्षा रवाळ फोटो कधीही परवडला.

ज्यांनी नुकतंच रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) शूट करायला घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण एकच घेऊ म्हणजे गोंधळ होणार नाही: घरची संध्याकाळची आरती, उजेड म्हणजे समई, निरांजन आणि मखराची एलईडी माळ, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवाला, आयएसओ ६४००. आणि सगळ्या लेखाचं सार आधीच सांगून टाकतो, रंगाचा नॉईज जवळजवळ पूर्ण काढायचा आणि उजेडाचा नॉईज थोडा मुद्दाम ठेवायचा. बाकी सगळा तपशील आहे.

आधी ओळखा, मग काढा

फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि मखरामागची काळपट भिंत बघा. तिथे दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. एक म्हणजे लाल, हिरवे, जांभळट डाग, कधी बारीक ठिपके तर कधी चांगले मोठे पुंजके, हा रंगाचा नॉईज, क्रोमा म्हणतात तो. दुसरा म्हणजे नुसता फिका-गडद रवा, रंग तोच पण उजेड कमीजास्त, हा ल्युमिनन्स नॉईज. पहिला डोळ्याला लगेच खुपतो कारण खऱ्या भिंतीवर असे डाग नसतातच. दुसऱ्याची आपल्याला सवय आहे, ट्राय-एक्स ४०० सारख्या फिल्मवर काढलेल्या जुन्या फोटोत असाच रवा असायचा आणि त्याला कोणी खराब फोटो म्हणत नव्हतं.

आणखी दोन प्रकार आहेत ते नॉईज रिडक्शनने नीट जात नाहीत, म्हणून ओळखता आले पाहिजेत. एखादा टोचणारा लाल किंवा पांढरा ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसत असेल तर तो हॉट पिक्सेल. आणि फोटोवर आडवे पट्टे दिसत असतील, एक उजळ एक काळपट असे, तर ती बहुतेक वेळा एलईडीची करामत असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या माळा आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण इलेक्ट्रॉनिक शटरला लगेच कळतं. त्यावर इलाज म्हणजे मेकॅनिकल शटर लावा आणि स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवा, म्हणजे लुकलुकीचं अख्खं चक्र फ्रेममध्ये येतं. डिमरवाल्या काही माळा वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, तिथे हे चालेलच असं नाही, अशा वेळी सरळ माळ बंद करा आणि समईवर फोटो काढा. फोटो पण जास्त छान येईल.

नॉईज येतो कुठून

थोडं समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. उजेड सेन्सरवर नळाच्या धारेसारखा सलग पडत नाही, कण कण येतो, आणि ते कण एकसारखे येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर कधी ९०, कधी ११० पडतात, चढउतार साधारण वर्गमुळाएवढा, म्हणजे १०, म्हणजे १० टक्के. तेच १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. म्हणून निरांजनाने उजळलेला गाल स्वच्छ दिसतो आणि त्याच फोटोतला मागचा कोपरा किचाट दिसतो, कॅमेरा तोच, आयएसओ तोच. कमी उजेड हाच खरा गुन्हेगार आहे, आयएसओ वाढवणं म्हणजे आलेला सिग्नल मोठा करणं फक्त. इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा थोडा नॉईज असतो तो वेगळा, पण आजच्या सेन्सरमध्ये तो बराच कमी झालाय.

आता समईची गंमत. जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगीत फिल्टरची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी शोधलेली, १९७६ ची पेटंट आहे ती. त्यात निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लाल आणि पाव निळ्यासाठी. तेलाच्या ज्योतीत निळा उजेड जवळजवळ नसतोच, सगळा पिवळा-लाल. म्हणजे निळ्याचे पिक्सेल मुळात कमी, त्यात त्यांना खायला उजेड नाही. आणि मग आपण घरी येऊन व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर उचलतो, पांढऱ्या सदऱ्यावर क्लिक करतो, सॉफ्टवेअर पांढऱ्याला पांढरं करायला निळा चॅनेल कित्येक पट वाढवतं, आणि त्यातला सगळा कचरा वर येतो. विश्वास बसत नसेल तर फोटोशॉपमध्ये चॅनेल्स उघडा आणि फक्त निळा बघा. लाल चॅनेलमध्ये चेहरा सुंदर दिसेल आणि निळ्यात नुसती वाळू.

त्यामुळे आरतीच्या फोटोत पहिला नॉईज रिडक्शनचा स्लायडर म्हणजे व्हाइट बॅलन्स! पूर्ण न्यूट्रल करू नका, पिवळसर ऊब राहू द्या. नॉईज कमी दिसतो आणि समईच्या उजेडात सदरा तसाही पिवळाच दिसत असतो की.

फोटो काढतानाच जे होतं ते नंतर होत नाही

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी, ५० मिलिमीटरच्या आसपास एफ ५.६ ला उघडते (एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं). ५० ची एफ १.८ वाली साधी लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. (भागाकार करून वर्ग करा, ९.७ येतो.) म्हणजे जो फोटो ६४०० वर काढावा लागत होता तो साधारण ६४० वर निघतो. कुठलंही सॉफ्टवेअर एवढा फरक पाडत नाही, आणि ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी असते. एफ १.८ वर फोकसची खोली कमी होते हे खरं, चार माणसं मागेपुढे उभी असतील तर सगळी शार्प येणार नाहीत, तिथे एफ २.८ वर या, तरी किट लेन्सच्या चौपट उजेड आहेच.

शटरचं म्हणाल तर नवीन माणूस सवयीने १/२५० लावून बसतो. मूर्तीचा फोटो काढताय ना, बाप्पा हलणार नाहीत. स्टॅबिलायझेशन असेल तर १/३० चालेल, ट्रायपॉडवर तर आयएसओ १०० लावून एक सेकंद घ्या आणि हा सगळा लेख विसरा. माणसांना १/१०० किंवा १/१२५ पुरतं. टाळ्या वाजवणारे हात थोडे हलले तर हलू द्या, आरती चालू आहे हे कळतं तरी.

आता सगळ्यात जास्त होणारा घोळ: आयएसओला घाबरून तो १६०० वरच ठेवायचा, फोटो दोन स्टॉप काळा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काढायचा आणि नंतर एक्स्पोजर वर ओढायचं. यातून काही वाचत नाही. सेन्सरवर उजेड तेवढाच पडलाय, वाढवायचं काम कॅमेऱ्याऐवजी सॉफ्टवेअरने केलं एवढंच, बऱ्याच कॅमेऱ्यांत निकाल तेवढाच खराब येतो आणि काहींत जास्तच खराब. चेहरा नीट उजळ येईल एवढा आयएसओ बिनधास्त लावा. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, बघा, चेहऱ्याचा भाग डावीकडे चिकटलेला नको. निरांजनाची ज्योत पांढरी फटक पडली तर पडू दे, ज्योतीत डिटेल कोण बघतंय.

आणि रॉ. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच स्वतःच्या मनाने नॉईज काढून टाकलेला असतो, त्यावर परत तुम्ही काढायला गेलात की चेहऱ्याचा जलरंग होतो. मेन्यूमध्ये हाय आयएसओ एनआर (एनआर म्हणजे नॉईज रिडक्शन) नावाचं सेटिंग असतं ते मुख्यतः जेपेगसाठी आहे, जेपेगच काढणार असाल तर ते लो वर ठेवा. मोबाइलवाल्यांनी पण हे लक्षात घ्या. फोनचा नाइट मोड एकामागून एक बरेच फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो, गूगलने पिक्सेल ३ च्या वेळी, २०१८ मध्ये, नाइट साइट आणलं तेव्हापासून हे सगळीकडे आलं, आणि ते काम खरोखर चांगलं होतं. फक्त हात स्थिर ठेवा आणि त्या फोटोवर वरून परत कुठल्याही ॲपमधून स्मूथ-बिमूथ करू नका, आधीच भरपूर झालेलं असतं. स्नॅपसीड ॲपमधलं स्ट्रक्चर तर रात्रीच्या फोटोला लावूच नका, ते नॉईजलाच धार लावतं.

रॉ उघडल्यावर: पहिल्यांदा रंग

मी लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे आकडे सांगतो कारण बहुतेकांकडे तेच असतं, बाकीच्यांचं पुढे येतंच.

क्रम असा ठेवा: एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधी साधारण जागेवर आणा, मग डिटेल पॅनेलमध्ये या. उलट केलंत तर नॉईज काढून झाल्यावर शॅडो वर ओढणार, लपलेला नॉईज परत वर येणार, परत स्लायडर, असं फिरत बसाल.

झूम १०० टक्के. कलर स्लायडर रॉ फाइलला मुळातच २५ वर असतो आणि खूपदा तेवढ्याने काम होतं. तो एकदा शून्यावर नेऊन बघा म्हणजे तो काय करतो ते दिसेल, मग परत २५, आणि भिंतीवर डाग उरले असतील तर ३५-४० पर्यंत. मोठे मोठे पुंजके जात नसतील तर कलर वाढवत बसू नका, त्याच्या खालचा स्मूथनेस ५० वरून ७०-८० करा, तो खास त्यासाठीच आहे.

थांबायचं कुठे हे कळायला फोटोतल्या बारीक रंगीत गोष्टींवर नजर ठेवा. कपाळावरचं कुंकू, हिरव्या बांगड्या, साडीचे बारीक काठ. कलर जास्त झाला की कुंकवाची कड फुटते, लाल रंग आजूबाजूच्या त्वचेत पसरतो, आणि बारीक काठाचा रंग उडून तो करडा पडतो. असं व्हायला लागलं की मागे या. एवढं सांभाळलंत तर रंगाच्या नॉईजच्या बाबतीत हात सैल सोडायला हरकत नाही, आपल्या डोळ्यांना रंगाचं बारीक डिटेल तसंही कमी दिसतं.

मग ल्युमिनन्स, आणि इथे हात आखडता

हा शून्यावर असतो. इथेच सगळे चुकतात कारण स्लायडर उजवीकडे नेला की फोटो आधी छान छानच वाटायला लागतो, ५० वर तर एकदम गुळगुळीत, वा! म्हणून मी उलटं सांगतो. मुद्दाम ६० वर न्या, मेणाचं होऊ द्या, मग चेहरा बघत हळूहळू खाली या. भुवईचे केस सुटे दिसायला लागतील, मग गालावरची रंध्रं, मग साडीचा पोत. पोत दिसला तिथे थांबा आणि अजून चार-पाच आकडे खाली. आयएसओ ६४०० ला हे माझ्या अंदाजाने १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी येतं, पण आकडा पाठ करू नका, कॅमेऱ्याप्रमाणे आणि फोटो किती काळा आहे त्याप्रमाणे बदलतो. खाली डिटेल नावाचा स्लायडर ५० वर असतो, तो वाढवला तर पोत राहतो पण थोडा कचराही राहतो, मी ६० च्या आसपास ठेवतो.

तीन जागा तपासायच्या, भुवई किंवा केस, कापडाचा काठ, आणि मागची भिंत. भिंतीवर थोडा रवा दिसला पाहिजे. भिंत काचेसारखी झाली असेल तर चेहरा पण गेला समजा.

आणि आता झूम कमी करा, हे फार महत्त्वाचं आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा, तुमची फुल एचडी स्क्रीन १९२० बाय १०८० ची, म्हणजे १०० टक्क्यांवर तुम्ही फोटोचा जेमतेम बारावा भाग बघताय, नाकाला भिंग लावून. लोक असा फोटो बघत नाहीत. ६ बाय ४ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला १८०० बाय १२०० पिक्सेलची असते, म्हणजे तुमचे ११ पिक्सेल मिळून तिथला एक पिक्सेल होतो आणि त्या सरासरीत बारीक रवा साधारण एक तृतीयांशच उरतो, तुम्ही काहीही न करता. ज्या नॉईजसाठी तासभर डोकं लावलं तो छापल्यावर दिसतच नाही, पण त्यासाठी घालवलेला पोत मात्र गेलेला असतो. म्हणून शेवटचा निर्णय फोटो पूर्ण स्क्रीनवर मावेल एवढा ठेवूनच घ्यायचा, १०० टक्क्यांवर नाही.

एआय डिनॉईजचं काय

चांगलं आहे, खोटं कशाला बोला. लाइटरूममध्ये डिनॉईज बटण एप्रिल २०२३ मध्ये आलं, डीएक्सओचं प्युअररॉ त्याच्याही आधीपासून आहे, आणि ज्या फाइलवर आपण हात टेकले असते त्या फाइल वाचतात. एआय वापरणार असाल तर ते आधी करा, बाकी एडिटिंग नंतर, आणि हाताने लावलेला ल्युमिनन्स शून्यावर असू द्या, दोन्ही एकावर एक नकोत. अमाउंट ५० वर येतो, मी ३० च्या आसपास आणतो. साधा ग्राफिक कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर एकेका फोटोला मिनिटं लागतात, म्हणून आधी फोटो निवडा आणि निवडलेल्यांनाच लावा, अख्ख्या फोल्डरला नको.

पण हे लक्षात ठेवा की एआय नॉईज पुसून खालचं खरं डिटेल दाखवत नाही, खाली काय असावं याचा अंदाज करून ते रंगवतं. केस, पानं, दगड यांचे अंदाज बरोबर येतात. जिथे फसतं ती जागा म्हणजे लांबवरची अक्षरं, त्यातही आपली देवनागरी. मंडळाच्या मांडवातला फोटो घ्या, मागे 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' असा बोर्ड आहे, अक्षरं मूळ फाइलमध्ये रवाळ पण वाचता येतात. डिनॉईज १०० वर लावा आणि परत बघा. शिरोरेघ एकदम ठसठशीत होते आणि तिच्या खाली जोडाक्षरांच्या जागी न वाचता येणाऱ्या वळवळत्या आकृत्या उरतात, मात्रा कुठे जाते, अनुस्वार तर नॉईज समजून पुसलाच जातो. गर्दीतल्या लांबच्या चेहऱ्यांचं पण तेच, डोळे असतात पण ते कोणाचेच नसतात. घरच्या आरतीत भिंतीवरचं कॅलेंडर आणि आजोबांच्या तसबिरीखालचं नाव, या दोन जागा तपासा.

यावर उपाय सोपा आहे. फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली, डिनॉईज केलेला वरच्या लेयरवर, वरच्याची ओपॅसिटी ६०-७० टक्के. थोडा खरा रवा खालून येतो आणि प्लास्टिकपणा जातो. अक्षरांवर आणि लांबच्या चेहऱ्यांवर मास्क (निवडक भाग झाकायची सोय) लावून वरचा लेयर पुसून टाका. बस.

पैसे न घालता

रॉ फाइलसाठीची दोन सॉफ्टवेअर, डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही फुकट आणि दोन्ही भारी, फक्त पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये आल्यासारखं वाटतं. डार्कटेबलमध्ये डिनॉईज प्रोफाइल्ड हे मोड्यूल शोधा. त्यात कॅमेऱ्याच्या प्रत्येक मॉडेलचा प्रत्येक आयएसओला किती नॉईज असतो ते मोजून ठेवलेलं असतं, तुमचा कॅमेरा त्यात असला की नुसतं चालू केलं तरी निम्मं काम होतं. जरा सरावलात की वेव्हलेट्समध्ये वाय-झीरो-यू-झीरो-व्ही-झीरो असा मोड आहे, नाव भीतीदायक आहे पण त्यात उजेडाचा आणि रंगाचा कर्व्ह वेगवेगळा मिळतो, रंगाचा वर चढवा आणि उजेडाचा खाली ठेवा, आपलं सूत्र तेच. रॉथेरपीमध्ये डिटेल टॅबमध्ये नॉईज रिडक्शन आहे, रंगाचं काम ते ऑटोवर बऱ्यापैकी करतं. तिथे एकच गोष्ट लक्षात ठेवा, १:१ असं चिन्ह असलेल्या टूलचा परिणाम १०० टक्के झूमवरच दिसतो, नाहीतर स्लायडर हलवत बसाल आणि म्हणाल की बिघडलंय.

सगळ्या फोटोला एकच मात्रा नको

चेहऱ्यावर उजेड आहे म्हणजे नॉईज कमी, भिंतीवर अंधार म्हणजे नॉईज जास्त, मग औषध दोघांना सारखं का? मास्किंगमध्ये सिलेक्ट सब्जेक्ट करा, उलटा करा, आणि त्या पार्श्वभूमीवर नॉईजचा स्लायडर २०-३० वाढवा. सगळीकडचा ल्युमिनन्स मग १०-१५ वर आणता येतो. मास्कची कड केसांजवळ तपासा, नाहीतर डोक्याभोवती एक विचित्र गुळगुळीत वलय दिसतं.

आणि त्याहून सोपं, ज्याला एक पैसा आणि एक मास्क लागत नाही: अंधार अंधारच राहू द्या. हल्ली सगळ्यांना शॅडो +८० करायची सवय लागलीये, कपाटाखालची चप्पल पण दिसली पाहिजे. कशाला? समईच्या उजेडात बसलेल्या माणसाला मागचा कोपरा काळाच दिसतो. ब्लॅक्स जरा खाली ओढा, अर्धा नॉईज त्या काळ्यात बुडून जातो आणि चेहरा उठून येतो.

शार्पनिंग

रॉला मुळात ४० लागलेलं असतं आणि ते भिंतीवरच्या रव्यालाही धार लावतं. मास्किंगचा स्लायडर आल्ट दाबून ओढा (मॅकवर ऑप्शन), स्क्रीन काळी-पांढरी होईल, पांढरं तिथेच शार्पनिंग लागणार. फक्त डोळे, दागिने, मूर्तीच्या कडा पांढऱ्या राहतील इथपर्यंत न्या, ६० ते ८० च्या मध्ये येतं. टेक्स्चर, क्लॅरिटी आणि डीहेज हे तिघंही नॉईज वाढवतात, वापरायचेच असतील तर मास्क करून फक्त मूर्तीवर.

काजवे काढणाऱ्यांसाठी वेगळं

मे अखेरीला, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला बरेच जण काजव्यांचे फोटो काढायला जातात. त्यांचं गणित जरा वेगळं आहे. १५-२० सेकंदांची एक्स्पोजर एकामागून एक, रात्र उकाड्याची, सेन्सर तापतो, आणि तापला की हॉट पिक्सेल वाढतात. आता गंमत अशी की हॉट पिक्सेल आणि लांबचा काजवा दोन्ही एक उजळ ठिपका! नॉईज रिडक्शन जोरात लावलं तर खरे बारीक काजवे पुसले जातात, नाही लावलं तर खोटे काजवे उरतात.

कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर एनआर असतं, ते फोटोनंतर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा काळा फ्रेम घेतं आणि वजा करतं, पण त्यात वेळ दुप्पट जातो आणि मध्येच चमकलेले काजवे सुटतात. त्यापेक्षा ते बंद ठेवा आणि शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर आठ-दहा काळे फ्रेम घेऊन ठेवा. जो ठिपका काळ्या फ्रेममध्ये पण त्याच जागी आहे तो काजवा नाही.

जोडताना सगळे फ्रेम लायटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल ठेवणारा) टाकतात, त्यात काजवे जमा होतात पण प्रत्येक पिक्सेलचा सगळ्यात उजळ नॉईज पण जमा होतो, म्हणून झाडं-आकाश किचाट दिसतात. उपाय असा की त्याच फ्रेमचे दोन गठ्ठे करायचे. झाडं आणि आकाश यासाठी सगळ्यांची सरासरी, फोटोशॉपमध्ये फाइल मेन्यूत स्क्रिप्ट्समधून लोड फाइल्स इंटू स्टॅक, स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा आणि स्टॅक मोड मीन. ४ फ्रेमला नॉईज निम्मा होतो, १६ ला पाव. तारे सरकतात हे मात्र लक्षात ठेवा, आकाश जास्त असेल तर ते एकाच फ्रेममधून घ्या. मग काजव्यांचा लायटन गठ्ठा वर ठेवा आणि मास्क करून फक्त काजवे दिसतील तेवढेच उघडा. थोडं किचकट आहे, पण काजव्यांच्या बाबतीत याला शॉर्टकट मला तरी माहीत नाही. आणि तिथे टॉर्च लावू नका, फोकससाठी पण नाही, काजव्यांच्या लुकलुकण्यात व्यत्यय येतो. उजेड असतानाच फोकस करून मॅन्युअलला ठेवा.

मूर्तीसाठीपण हीच सरासरी चालते. ट्रायपॉड नाही, हातात कॅमेरा आहे, बर्स्टमध्ये आठ फोटो घ्या, ऑटो अलाइन करून जोडा. पोत अजिबात जात नाही कारण इथे काही पुसलंच जात नाही, खरी माहितीच वाढते.

थोडा रवा परत घाला

विचित्र वाटेल पण करून बघा. जोरदार नॉईज काढल्यावर संध्याकाळच्या आकाशात किंवा भिंतीवरच्या उजेडाच्या उतारावर पट्टे दिसायला लागतात, कारण रंगांच्या पायऱ्यांमधल्या सीमा झाकणारा रवा गेलेला असतो. इफेक्ट्समध्ये ग्रेन १० ते १५, साइज २५ च तसाच. पट्टे मोडतात. शिवाय एआयने गुळगुळीत झालेला चेहरा आणि मास्कमधून राखलेली रवाळ जागा यांचा पोत सारखा होतो. आरतीच्या सगळ्या फोटोंना सारखाच ग्रेन लावलात तर ८०० चा आणि ६४०० चा फोटो शेजारी ठेवला तरी खुपत नाही.

बाहेर पाठवताना

सोशल मीडियासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८० च्या वर, स्क्रीनसाठीचं शार्पनिंग लो. रवाळ फोटो फार दाबला की जेपेगचे चौकोन दिसतात, म्हणून क्वालिटीत कंजूषी नको. घरच्या ग्रुपवर व्हॉट्सॲपने पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढं जपलेलं सगळं तिथे जातं.

अल्बम करणार असाल तर सगळी ऑर्डर द्यायच्या आधी दोन-तीन फोटोंच्या ६ बाय ४ च्या प्रिंट काढून आणा आणि दिवसाच्या उजेडात बघा. लॅबवाल्या दादांना आवर्जून सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, कारण ते चालू असलं की मशीन रात्रीचा फोटो काळा आहे असं समजून आपल्या मनाने उजळतं, आणि तुम्ही काळ्यात बुडवलेला सगळा नॉईज प्रिंटवर परत वर येतो.